मायक्रोस्कोप घेतला, आता पुस्तक कुठलं घेऊ?

मायक्रोस्कोपचं पुस्तक कामाचं आहे की नाही हे बघायची माझी एकच टेस्ट आहे, चित्रं वगैरे नंतर, आधी कंडेन्सर (उजेड वस्तूवर एकवटणारं खालचं भिंग) आणि आयरिस डायफ्रामवर (उजेडाची वाट कमीजास्त करणारी झडप) किती पानं लिहिलीयत ते बघायचं. स्लाइड ठेवायच्या स्टेजखालच्या छोट्याशा दांडीने हा डायफ्राम कधी उघडायचा, कधी मिटायचा हे ज्यात नाही ते पुस्तक फुकट मिळालं तरी घरात जागा अडवेल. मॅग्निफिकेशनचा हिशोब काय सगळेच सांगतात, आयपीस म्हणजे डोळ्याजवळचं भिंग १० गुणिले ऑब्जेक्टिव्ह म्हणजे वस्तूजवळचं भिंग ४० म्हणजे ४००, झालं. पण त्याच ४०० वर डायफ्राम सताड उघडा ठेवून गालाच्या आतल्या पेशी बघा, नुसता पांढरा उजेड दिसेल. हळूहळू मिटवत आणा, मग पेशीची कड उमटते, घडी पडलेला कोपरा कळतो, मधला न्यूक्लिअससुद्धा दिसतो आणि तेही काही रंग न घालता. अजून मिटवला की मात्र सगळ्याभोवती जाड काळी रेघ येते आणि बारकावे गेले.

आता पुस्तकं. दुकानात मायक्रोस्कोपचं म्हणून मागितलं की बहुतेकदा अकरावी-बारावीचं प्रॅक्टिकलचं पुस्तक हातात पडतं. वाईट नाही हो, कांद्याची साल सोलायची, सॅफ्रानिनचा लाल रंग टाकायचा, कव्हरस्लिप म्हणजे वरची पातळ काच तिरकी धरून अलगद सोडायची म्हणजे बुडबुडे येत नाहीत, हे सगळं नीट दिलेलं असतं. पण तिथे फोकस आधीच कुणीतरी लावून ठेवलाय असं गृहीत धरलेलं असतं, आपण फक्त ओळखायचं आणि जर्नलमध्ये पेन्सिलीने काढायचं. घरी एकट्याने बसणाऱ्याला ते पुरत नाही.

त्याहून डोकं फिरलं ते ऑनलाइन मागवलेल्या एका चकचकीत गाइडने. दर दोन पानांवर २००० एक्सचा जयजयकार, आणि फोटो चक्क इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे, आपल्या टेबलावरच्या यंत्रातून तसे कधीच दिसणार नाहीत. ऑब्जेक्टिव्हवर ०.६५, १.२५ असे आकडे कोरलेले असतात ना, ते एनए, म्हणजे न्युमरिकल अपर्चर, भिंग किती बारीक तपशील वेगळे दाखवू शकतं त्याचं माप. त्याच्या साधारण हजारपटीच्या पुढे नुसतं मोठं दिसतं, नवीन काही दिसत नाही. म्हणजे तेल लावून वापरायच्या १०० च्या ऑब्जेक्टिव्हनेसुद्धा १२५० च्या आसपास गाडी थांबते. एनए हा शब्द त्या गाइडमध्ये एकदाही नाही. परत पाठवलं.

नवशिक्याने पैसे घालावेत ते रिचर्ड हेडस्ट्रॉमच्या ‘अ‍ॅडव्हेंचर्स विथ अ मायक्रोस्कोप’मध्ये. १९४१ चं पुस्तक, डोव्हर प्रकाशनाची पेपरबॅक आवृत्ती आहे, जुनी कॉपी मिळाली तरी चालेल. रंगीत फोटो शून्य, सगळी रेखाचित्रं, आणि मला तेच आवडलं कारण रेखाचित्रात काय बघायचं ते ठळक होतं. प्रकरणं सुटी सुटी असल्यामुळे कुठूनही उघडावं. फक्त वनस्पती आणि किडे अमेरिकेतले, तर आपण आपल्याकडचं घ्यायचं. कुंडीच्या कडेचं शेवाळ, पावसात गच्चीवर साचलेलं पाणी, बटाट्याच्या कापाचा पांढरा चीक आणि वर आयोडीनचा थेंब, स्टार्चचे दाणे निळेकाळे होतात ते बघत बसा.

आणि खरं उजेडाचं पुस्तक सांगू? रॉबर्ट हुकचं ‘मायक्रोग्राफिया’, १६६५ चं. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या साइटवर फुकट आहे. शाळेत आपल्याला बुचाच्या पेशींपुरता हुक माहीत, पण प्रस्तावना वाचा राव. वस्तू वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून बघितल्याशिवाय तो चित्र काढायला घेत नसे, कारण खड्डा आहे की उंचवटा, सावली आहे की काळा डाग हे एका नजरेत कळत नाही. माशीचा डोळा एका उजेडात भोकं पाडलेल्या जाळीसारखा तर उन्हात सोन्याचे खिळे ठोकल्यासारखा दिसतो, असं त्याने लिहिलंय. टेबल लॅम्प बाजूने धरून मेलेल्या माशीवर हे करून बघता येतं, लो पॉवरवर. मुंगी काही केल्या स्वस्थ बसेना म्हणून तिला ब्रँडी पाजल्याचाही किस्सा आहे, तासाभराने शुद्धीवर येऊन पळाली म्हणे! इंग्रजी मात्र जुनं, वाक्यं अर्धं अर्धं पान चालतात, स्कॅन केलेल्या मूळ प्रतीत तर एस हा एफसारखा दिसतो. सलग वाचायच्या भानगडीत पडू नका. पिसूचं घडीचं मोठं चित्र मात्र चुकवू नका.

डबक्याच्या पाण्यात पळणारं हे नक्की कोण, असा प्रश्न रोज पडायला लागला की डी. जे. पॅटरसनचं ‘फ्री-लिव्हिंग फ्रेशवॉटर प्रोटोझोआ’ घ्या, गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जीवांचं. खऱ्या मायक्रोस्कोपचे फोटो आहेत आणि ओळख पटवायला पायरीपायरीने प्रश्न विचारत नावापर्यंत नेणारा तक्ता (इंग्रजीत ‘key’) आहे. महाग आहे, आणि पहिल्याच महिन्यात घेतलं तर नुसतं चाळाल. तोवर मराठी विश्वकोशातली सूक्ष्मदर्शकाची नोंद वाचून ठेवा, ऑनलाइन आहे, भाषा जड आहे पण भिंगांचं गणित त्यात नीट कळतं.