घरी ई-लिक्विड मिसळण्याचा संच: काटा उत्तम, माहितीपत्रक अपुरे

ब्रिटनमध्ये सिगारेट सोडण्याच्या खटपटीत मी ई-लिक्विड, म्हणजे ई-सिगारेटमध्ये भरायचे द्रव, घरी मिसळण्याचा हा संच मागवला. त्यात या द्रवाचा पाया असलेले प्रोपिलीन ग्लायकॉल व व्हेजिटेबल ग्लिसरीन, स्ट्रॉबेरीचा अर्क, हातमोजे आणि 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा मिळाला. निकोटीन वेगळे घ्यावे लागते, कारण तेथील नियमांनुसार ते 10 मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत किंवा मिलिलिटरमागे 20 मिलिग्रॅमहून तीव्र विकता येत नाही. मिलिलिटरमागे 18 मिलिग्रॅम निकोटीन असलेल्या अशा 10 मिलिलिटरच्या दोन बाटल्यांपासून 3 मिलिग्रॅम तीव्रतेचे 120 मिलिलिटर द्रव तयार होते.

संचाची खरी किंमत काट्यातच वसूल होते. ग्लिसरीन इतके दाट असते की मोजपात्राच्या कडांना चिकटून राहते. काट्यावर ठेवलेल्या बाटलीतच एकेक घटक ओतत गेले की ही कटकट उरत नाही. मात्र पत्रकातील सगळी मापे मिलिलिटरमध्ये आहेत, आणि 10 मिलिलिटर ग्लिसरीनचे वजन सुमारे 12.6 ग्रॅम भरते हे कुठेच न सांगितल्यामुळे माझा पहिला घाणा पातळ आणि घशाला बोचणारा झाला. स्वयंपाकातील तेलयुक्त अर्क यात वापरणे फुप्फुसांना घातक ठरू शकते, हेही ठळक छापायला हवे होते.

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटच्या आयातीवर व विक्रीवर बंदी असल्याने हा संच पुण्याला नेण्याचा विचार कोणी करू नये.