संचालक मंडळ: एकच की दोन?

ब्रिटन, अमेरिका, भारत इथे कंपनीला एकच संचालक मंडळ असतं. कारभार पाहणारे कार्यकारी संचालक आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे स्वतंत्र संचालक एकाच टेबलाभोवती बसतात. प्रश्न विचारला की उत्तर देणारा समोरच. गोची अशी की बैठकीची टिपणं ज्याच्या ऑफिसातून येतात, त्याचीच झडती घ्यायची असते. अध्यक्ष आणि सीईओ एकच असला तर बोलायलाच नको.

जर्मनीत मोठ्या कंपन्यांना दोन मंडळं असतात. व्यवस्थापन मंडळ कंपनी चालवतं. देखरेख मंडळ त्याची नेमणूक करतं आणि वेळ आली तर घरीही पाठवतं. दोन्हीकडे एकाच वेळी बसता येत नाही. १९७६ च्या कायद्याने २००० हून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या बाजूला दिल्या. मात्र मतांची बरोबरी सुटेना, तर अध्यक्षाला जादा मत मिळतं, आणि तो सहसा भागधारकांचा असतो!

कागदावर जर्मन रचना चोख, पण फोक्सवॅगनचा २०१५ चा उत्सर्जन घोटाळा (गाड्यांच्या धुराच्या चाचणीतली फसवणूक) तिथेच झाला. एन्‍रॉनच्या एकाच मंडळात बहुतांश संचालक बाहेरचेच होते, तरी ती अमेरिकी कंपनी हिशेबातल्या घोटाळ्याने बुडाली. मी एकच मंडळ निवडेन, पण अध्यक्ष वेगळा आणि लेखापरीक्षण समिती पूर्णपणे स्वतंत्र संचालकांची हवी.