एकाच पंथातली भावकी: ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’

मी नाशिकला एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. रात्रपाळीचा आठवडा संपला की पुढचे चार दिवस झोप ताळ्यावर येत नाही, दोन वाजता टक्क जाग येते. त्या वेळात मी हा गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा खेळले आणि आता तिसऱ्यांदा सुरू केलाय. भाच्याने लॅपटॉपवर घालून दिला तेव्हा म्हणाला होता, “मावशी, तुझ्याच खात्यातला आहे, बघ.” मला वाटलं, दात आणि किंकाळ्या असतील. निघाली भावकी.

गेम 2004 सालचा, ट्रॉयका गेम्स या अमेरिकन कंपनीचा. 1991 साली टेबलाभोवती बसून खेळायचा ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड’ आला, त्याच्याच जगावर हा बेतलेला. आजच्या लॉस एंजेलिसमध्ये माणसांच्या नकळत व्हॅम्पायर राहतात आणि त्यांचा ‘कॅमरिला’ नावाचा एक पंथ आहे. पंथाचा पहिला नियम म्हणजे मॅस्करेड: आपण आहोत हे माणसांना कळता कामा नये. सुरुवातीलाच तुम्हाला कोणीतरी परवानगीशिवाय व्हॅम्पायर करतं आणि त्या गुन्ह्यासाठी एका नाट्यगृहात, सगळ्यांच्या देखत, त्याचा शिरच्छेद होतो. पुढची पाळी तुमची असते. प्रेक्षकांतून एक जण उसळून उठतो, शहरातल्या पंथाचा प्रमुख, प्रिन्स लाक्रॉ, चारचौघांत मोठेपणा दाखवून तुम्हाला सोडतो आणि लगेच कामाला जुंपतो.

खेळताना सात घराण्यांपैकी एक निवडायचं असतं: व्हेंट्रू, ट्रेमीअर, टोरिअडॉर, ब्रुहा, गँगरेल, मल्केव्हिअन, नॉसफेराटू. बाहेरच्यांसमोर सगळे एक, आत एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेवर सगळ्या चुलत्यांची नावं ओळीने असतात आणि बांधावरून कोर्टात दावा चालू असतो, तसंच. प्रिन्स व्हेंट्रू, त्याला शहरावर हुकूम चालवायचाय. ट्रेमीअरांचा प्रमुख स्ट्रॉस त्याच्याशी अदबीने बोलतो, पण त्याच्या प्रत्येक वाक्यात तुमच्यासाठी एक वेगळा सल्ला दडलेला असतो. गेममधल्या सँटा मोनिका या भागात टेरीस ही मल्केव्हिअन क्लबची मालकीण आणि बर्ट्रम टंग हा नॉसफेराटू यांचं असं वाकडं आहे, की टंग तेलाच्या रिकाम्या टाकीत दडून बसलाय. प्रिन्सच्या कामासाठी तुम्हाला टंग हवा असतो, आणि टेरीसचं मन वळवल्याशिवाय तो बाहेर येत नाही. म्हणजे पंथाचं काम पंथाच्याच दोन माणसांच्या अबोल्यामुळे अडलेलं. ही गाठ सोडवताना तुम्ही टेरीसच्या बहिणीला, जनेटला, भेटता. त्या दोघींबद्दल मी इथे अवाक्षर काढणार नाही, ते ज्याचं त्याने बघावं.

पहिल्यांदा मी व्हेंट्रू घेतलं. सूट, हुकूम, समोरच्याच्या मनावर ताबा. पण व्हेंट्रूंचं रक्ताबाबत सोवळं असतं. उंदराचं रक्त चालत नाही. रस्त्यावर झोपलेल्या गरिबाला चावलात तर ते पोटात टिकत नाही, उलटून पडतं. मी थबकले. माझ्या कामात रक्ताला गट असतो, 350 मिलिलिटरची पिशवी असते, 2 ते 6 अंशांत ठेवायचं असतं, रक्त गोठू नये म्हणून पिशवीत सीपीडीए हे द्रावण असेल तर 35 दिवसांची मुदत असते. ते कोणाच्या हातातून आलं, त्याने काय कपडे घातले होते, याने पिशवीत काडीचा फरक पडत नाही. हे मी रोज डोळ्यांनी बघते. आणि इथे एक अख्खं घराणं स्वतःला वरचं समजतं म्हणून त्यांच्या शरीरालाच ते रक्त सोसत नाही. जातीची घमेंड रक्तात कशी मुरते हे इतक्या थोडक्यात दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

सँटा मोनिकाच्या दवाखान्यात रक्तपेढीची एक खिडकी आहे. खिडकीत बसलेला व्हँडल व्हॅम्पायरांना पिशव्या विकतो. नोंदवही नाही, तपासणी नाही, दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का ते बघणं, म्हणजे क्रॉसमॅच, तर लांबच. मी सवयीने लेबल वाचायला पुढे झुकले. नंतर कळतं की मागच्या खोलीत लिली नावाची एक मुलगी कोंडून ठेवलीय. पातळ रक्ताची, म्हणजे कुठल्याच घराण्याने आपली न म्हटलेली. तिचे सोबती समुद्रकिनाऱ्यावर शेकोटीपाशी बसलेले असतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पंथात त्यांना जागा नाही, म्हणून ती नाहीशी झाली तरी विचारायला कोणी येत नाही. तिला सोडवायचं काम कोणी सक्तीने देत नाही. तुम्ही किनाऱ्यावर जाऊन बोललात, तरच ते समोर येतं.

त्याच दवाखान्यात हेदर नावाची विद्यार्थिनी रक्तस्राव होऊन मरायला टेकलेली असते आणि जवळ कोणीही नसतं. तिला स्वतःचं रक्त पाजून वाचवता येतं. मी क्षणाचाही विचार केला नाही, करूच शकले नसते. पण ते रक्त पाजलं की ती तुमची बांधील होते. पुढे ती तुम्हाला शोधत येते, शिकायला ठेवलेले पैसे आणून देते, तुमच्यासाठी काय करू आणि काय नको असं तिला होतं. रक्तदात्याचं नाव आम्ही रुग्णाला सांगत नाही. घेणाऱ्यावर कोणाचं ओझं राहू नये, हेही त्यातलं एक कारण आहे, असं मी नेहमी मानत आले. हेदर समोर उभी राहून “मी काय आणू?” विचारायला लागली तेव्हा हे मला फार टोचलं. तिला जायला सांगितलं तर ती आधी ऐकत नाही. मी सांगितलं. तिला मोकळं केलं की तुमची माणुसकी वाढते, गेममध्ये तिची खरोखर मोजणी असते.

दुसऱ्या खेपेला मी नॉसफेराटू घेतलं, आणि माझं ठाम मत आहे की ज्याने नॉसफेराटू घेऊन हा गेम खेळला नाही त्याने तो अर्धाच खेळलाय. या घराण्याचा चेहराच असा विद्रूप होतो की रस्त्यावर माणसाने पाहिलं तरी मॅस्करेड मोडलं. असं पाच वेळा झालं की खेळ संपला. पहिल्या खेपेला ज्या फुटपाथवरून मी ऐटीत चालले होते, तिथे आता दिव्याचा उजेड कुठपर्यंत येतो ते बघत भिंतीला चिकटून थांबायचं आणि गटाराच्या झाकणाकडे पळायचं. खाली उतरलं की बोगद्यांतून हवं तिथे निघता येतं. शहर तेच, रस्ते तेच, पण मला ते सगळं नव्याने शिकावं लागलं. घराणं म्हणजे नुसती शक्तींची यादी नाही, कोणत्या दाराने आत शिरायचं हेच त्यावर ठरतं. आणि ज्यांना वर तोंड दाखवता येत नाही, तेच सगळ्यांची गुपितं राखून आहेत. प्रिन्ससुद्धा त्यांच्याकडून माहिती विकत घेतो.

मारामारीचे गुण मिळत नाहीत, काम पुरं केल्याचे मिळतात. त्यामुळे गोड बोलून, लपून किंवा कुलूप उघडून काम केलं तरी तुमचं काहीच कमी होत नाही. निदान शहराच्या पहिल्या दोन भागांत तरी. हॉलिवूडखालची गटारं मात्र लांबलचक आहेत आणि शेवटच्या टप्प्यात एकामागून एक हाणामारी आहे. सगळे गुण बोलण्यावर घातलेल्याची तिथे दमछाक होते. चायनाटाउनही घाईत उरकल्यासारखं वाटतं. झपाटलेलं ओशन हाउस हॉटेल मात्र चुकवू नका. एकही शत्रू नाही, तरी मी स्वयंपाकघरातला दिवा लावून खेळले.

गेम 16 नोव्हेंबर 2004 ला आला, त्याच दिवशी ‘हाफ-लाइफ 2’ हा गाजलेला गेमही आला, आणि त्याच्या गर्दीत हा दबला. ट्रॉयका 2005 मध्ये बंद पडली. मूळ आवृत्तीत चुका भरपूर होत्या. त्या निस्तरायचं काम जर्मनीतल्या एका रसायनशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं चालू ठेवलंय, एक पैसा न घेता. त्याची दुरुस्ती टाकल्याशिवाय खेळू नका. जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर घेतलात तर ती आधीच घातलेली येते. दुरुस्तीचे बेसिक आणि प्लस असे दोन प्रकार आहेत, पहिल्यांदा बेसिकच घ्या. माझ्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तरी कुठे अडत नाही. आणि हा मोठ्यांचाच खेळ आहे, घरातल्या शाळकरी मुलांच्या हाती देऊ नका.

आता मल्केव्हिअन चालू आहे, वेड्यांचं घराणं. यात तुमचे स्वतःचे संवादच वेगळे असतात, वेड्यावाकड्या अक्षरांत, आणि पुढे काय होणार ते त्यांत आधीच सांगून टाकलेलं असतं. दोन खेळ झाल्यावर ते मला उमगतं, समोरच्याला उमगत नाही. काल रात्री रस्त्यावरच्या ‘थांबा’ पाटीशी माझं भांडण झालं. भाच्याला फोन केला तर म्हणाला, “मावशी, पाटीचं ऐकलंस ना?”