तीन आकडे की अठ्ठावीस?
रत्नागिरीत घरच्या एचओ (१:८७ प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेच्या) रुळांवर मी वेगवेगळ्या डिकोडरांची (इंजिनातली, डिजिटल आज्ञा वाचून मोटर चालवणारी चिप) दोन इंजिनं एकाच मालगाडीला जोडली. मागचं पुढच्याला ढकलू लागलं आणि वळणावर पहिला डबा रुळावरून उतरला. वेग जुळवणं आलंच.

सोपा मार्ग तीन सीव्हींचा, म्हणजे डिकोडरात आकडा भरायच्या क्रमांकित सेटिंगांचा: २ म्हणजे सुरुवात, ६ मधला वेग, ५ कमाल. काम झटपट होतं. पण काही डिकोडरांत सीव्ही ६ नसतोच, आणि मोटरींचा स्वभाव वेगळा असला की अधल्यामधल्या पायऱ्यांवर फरक राहतो.

दुसरा मार्ग स्पीड टेबलचा. सीव्ही ६७ ते ९४, म्हणजे २८ पायऱ्या, प्रत्येकीचा वेग वेगळा भरायचा. सीव्ही २९ मध्ये १६ मिळवले की तो चालू. वेळ बराच जातो, तरी दोन डिकोडर वेगळे असतील तर मी हाच धरतो. सीव्ही ३ आणि ४ (वेग हळूहळू वाढवणारा आणि कमी करणारा) आधी शून्य करायचे. मग इंजिनं सुटी, वीतभर अंतरानं एकामागे एक सोडायची आणि ते अंतर टिकतं का पाहायचं. वेग जुळवायचा तो मंद इंजिनाशी. वेगवान इंजिनाला आवरता येतं, मंदाला पळवता येत नाही.

पावसाळ्यात मात्र आधी चाकं आणि रूळ पुसा. इथल्या खाऱ्या, दमट हवेत काळा थर धरतो, इंजिन अडखळतं आणि तेव्हा भरलेले आकडे दिवाळीनंतर पुन्हा बदलावे लागतात.