चीटो की स्क्रबर?

माझ्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) आधी चौदा महिने स्क्रबर, म्हणजे शेवाळ वाढवायची जाळी, होता आणि आता अडीच वर्षं चीटो, म्हणजे कीटोमॉर्फा या हिरव्या तंतुमय शेवाळाचा गोळा, आहे. टँक तोच, चार फुटी, सम्प धरून 300 लिटरच्या आसपास पाणी. कोरल सगळी मऊ आहेत: झोआ, मशरूम आणि एक टोडस्टूल लेदर. कठीण कोरल आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे त्यांच्या वाटेला मी गेलो नाही. परदेशात एसपीएस (लहान पॉलिपची कठीण कोरल) सांभाळणाऱ्या मित्रांना माझे नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे थोडे ढिले वाटतील, ते त्यांनी समजून घ्यावं. माशांच्या खाण्यातून पाण्यात साठणारं नायट्रेट-फॉस्फेट शेवाळ वाढवून बाहेर काढायचं हे तुम्ही ठरवलंच आहे आणि प्रश्न फक्त कशात वाढवायचं एवढाच उरलाय, असं धरून लिहितोय.

ताकदीच्या बाबतीत स्क्रबर पुढे आहे, हे आधीच कबूल करतो. ही कल्पना स्मिथसोनियनच्या वॉल्टर एडी यांची. 1980च्या सुमारास त्यांनी तिथल्या संग्रहालयातली प्रवाळाची टाकी शेवाळाच्या जाळीवर चालवून दाखवली. खरबरीत जाळी, तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा आणि दोन्ही बाजूंनी जवळून प्रकाश, एवढंच तंत्र. माशांना रोज गोठवलेल्या खाण्याचा (फ्रोझनचा) एक क्यूब घालत असाल तर 12 चौरस इंच जाळी पुरे, हा हौशी मंडळींचा ठोकताळा माझ्याकडे बरोबर लागू पडला. सुरुवातीचे काही आठवडे जाळीवर तपकिरी बुळबुळीत थर येतो आणि हात शिवशिवतात, पण धीर धरायचा. एकदा हिरवं केसाळ शेवाळ धरलं की काम जोरात सुरू होतं. दीड महिन्यात माझं फॉस्फेट 0.15 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) वरून 0.05 वर आलं. वहीभर जागेत हे सगळं बसतं. ज्यांचा सम्प लहान आहे त्यांना चीटोपुरतं वेगळं खण काढणं जड जातं, हे मला मान्य आहे.

चीटोला जागा लागते, प्रकाशही चांगला लागतो, आणि गोळा मधूनमधून उलटला नाही तर त्याचा तळ पांढरा पडतो. तुटलेली तंतूची टोकं सम्पमधलं पाणी टँकमध्ये परत नेणाऱ्या रिटर्न पंपाकडे जातात, म्हणून मध्ये स्पंज किंवा प्लॅस्टिकची जाळी ठेवावी लागते. गोळ्यात गाळ साठतो. महिन्यातून एकदा तो मी बादलीतल्या टँकच्याच पाण्यात खळबळून काढतो. कटकट म्हणाल तर एवढीच.

फॉस्फेट पुरेसं उतरत नाही म्हणून चीटोला नावं ठेवली जातात, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. मोठ्या सागरी शेवाळांच्या शरीरात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस साधारण 550:30:1 या प्रमाणात असतात, असं ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी 1983 साली दाखवलं. टेस्ट किटच्या भाषेत मांडलं तर शेवाळ जवळपास 20 पीपीएम नायट्रेट खातं तेव्हा 1 पीपीएम फॉस्फेट जातं. आता नायट्रेट 4 आणि फॉस्फेट 0.4 असलेला टँक घ्या. नायट्रेट संपेल तेव्हा फॉस्फेट जेमतेम अर्ध्यावर आलेलं असेल. तिथे चीटो फिका पडतो, वाढ थांबते आणि आपण दोष लाइटला देतो. खरं तर तो उपाशी असतो. माझ्याकडे तेच झालं होतं. थोडं नायट्रेट डोस केल्यावर आठवड्याभरात गोळा पुन्हा गर्द हिरवा झाला. हे गणित स्क्रबरलाही चुकत नाही. आकडे शून्यावर नेण्याचा हट्ट मात्र दोन्हीकडे नको, कारण त्या मोकळ्या जागेत डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे उपद्रवी सूक्ष्मजीव) शिरतात.

एवढं असूनही मी स्क्रबर काढला, तो एका गोष्टीमुळे. स्क्रबरला साफसफाईचा ठरलेला वार लागतो. दर सात ते दहा दिवसांनी जाळी काढायची, गोड्या पाण्याखाली खरवडायची, तळाशी पातळ थर राखायचा आणि परत लावायची. घरी असताना हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि मला ते आवडायचंही. पण आमचं गाव देवगडकडे. गणपतीला आम्ही सगळे जातो आणि अनंत चतुर्दशी करूनच ठाण्याला परततो. माशांना चिमूटभर खाणं घालायला शेजारचे काका आनंदाने येतात. पण त्यांच्या हातात ओली जाळी देऊन ‘एवढी खरवडून ठेवा’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही. निघायच्या आदल्या रात्री खरवडून गेलो, तरी परत आलो तो बारावा दिवस होता. वरच्या दाट थराखाली प्रकाश न मिळाल्याने आतला थर पिवळा पडून सुटला होता. त्याची लडी रिटर्न पंपातून डिस्प्लेत (मुख्य टँकमध्ये) आली आणि झोआंच्या अंगावर जाऊन बसली. नायट्रेट 5 चं 25 झालं होतं. चार महिने जपलेली एक झोआ कॉलनी त्यानंतर नीट उघडलीच नाही. मी घरात नव्हतो, तिच्यासाठी काही करू शकलो नाही, हे मला फार लागलं.

मग पुढच्या मे महिन्यात दुपारभर वीज गेली. आमचा इन्व्हर्टर वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) चालवतो, स्क्रबरचा पंप नाही. पाण्याचा पडदा थांबला, त्या उकाड्यात जाळी काही तासांत सुकली आणि पुन्हा तपकिरी थरापासून सुरुवात झाली. चीटो पाण्यातच असतो. वीज गेली की नुसता अंधारात थांबतो.

चीटोच का, कॉलर्पा हे दुसरं समुद्री शेवाळ का नाही, असंही विचारतात. कॉलर्पा दिसायला सुंदर असतं, पण ते प्रजननाला लागलं की रातोरात सगळं अंग रिकामं करतं, पाणी दुधाळ होतं आणि शोषलेलं सगळं टँकमध्ये परत येतं. शिवाय कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा इतिहास वाईट आहे: 1984 मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याला सापडलं आणि पुढे भूमध्य समुद्रात पसरलं, 2000 मध्ये कॅलिफोर्नियाच्या खाऱ्या सरोवरात आलं, ते संपवायला सहा वर्षं लागली. कुठलंही शेवाळ काढलंत तरी नाल्यात किंवा खाडीत टाकू नका, ही मनापासून विनंती. मी उन्हात कडकडीत वाळवतो आणि मगच कचऱ्यात देतो.

चीटोची आणखी एक गोष्ट मोजता येत नाही, पण मला ती फार मोलाची वाटते. रात्री टॉर्च मारला की गोळ्यात कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड हे बारीक कवचधारी जीव अक्षरशः वळवळत असतात. माझा मँडरिन मासा त्यांच्यावरच भरलाय. स्क्रबरच्या जाळीवरही पॉड होतात, पण दर आठवड्याला गोड्या पाण्याखाली ते मरतात. रिफ्युजियमचा, म्हणजे चीटोच्या खणाचा, लाइट मी रात्री लावतो, त्यामुळे पहाटेचा पीएचही पूर्वीइतका घसरत नाही.

तुम्ही वर्षभर घरी असाल, सम्प छोटा असेल आणि खाणं हात सोडून घालत असाल तर स्क्रबर घ्या, तो निराश करणार नाही. ज्यांना गाव आहे, फिरती आहे, वीज जाते, त्यांनी माझ्या मते मूठभर चीटो मागून आणावा. आणल्यावर पांढऱ्या ताटलीत थोडा थोडा उलगडून पाहा, कारण ऐप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) आणि ब्रायोप्सिस (उपद्रवी शेवाळ) त्यातूनच घरात येतात. गेल्या गणपतीत मी तेरा दिवस नव्हतो. परतलो तेव्हा गोळा खणाच्या काचेला टेकला होता आणि नायट्रेट 6 होतं. बॅगा दारातच ठेवून मी त्याचा एक तृतीयांश भाग कापला.