आईवडील घर सोडणार नाहीत : कंपनीचं पॅकेज घ्यावं की कॉलनीतला गट?

आईवडील राहत्या घरातून हलणार नाहीत हे ज्यांच्याकडे पक्कं झालंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्यांचं अजून तळ्यात-मळ्यात आहे त्यांनी अथश्रीसारख्या ज्येष्ठांच्या वसाहती आधी बघून याव्यात. पुण्यात माझी आई कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावर ठाम आहे आणि मी वाकडला. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं. संध्याकाळी सहाला निघून बघा.

मग उरतात दोन वाटा : ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या एखाद्या कंपनीचं वार्षिक पॅकेज, नाहीतर आपल्याच भागातल्या रहिवाशांचा गट, असला तर. मी काही काळ दोन्ही एकदम चालवून पाहिलं.

कंपनीच्या कामात खोट काढणं अवघड आहे. लॅबवाला घरी येतो, रिपोर्ट परदेशातल्या बहिणीलाही दिसतात, रात्री-बेरात्री फोन उचलतात, अडचणीत दाबायला गळ्यात घालायचं बटण देतात. अडचण एकच, पण ती दर वेळची. येणारा माणूस नवा. आई सेफ्टी डोअरच्या जाळीआडून ओळखपत्र मागते, मग चष्मा शोधायला आत जाते, मग फोटो आणि चेहरा ताडून बघते, मग मला फोन. पोरगा बिचारा जिन्यात उभा. आत आला की पुन्हा पहिल्यापासून पाढा : गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, साखरेची गोळी सकाळी की रात्री. ‘‘अरे, मागच्या मुलीनं सगळं लिहून नेलंय की!’’ पुढे पुढे तिनं ‘सगळं छान’ एवढंच सांगायला सुरुवात केली. मधे तिला चक्कर येत होती. लपवायचं असं काही नव्हतं, नव्या माणसाला सांगायचा कंटाळा. ॲपवर सगळं हिरवं.

चक्कर लक्षात आली ती खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या. ‘‘तुमची आई दोन दिवस भिंतीला धरून जिना उतरतेय,’’ म्हणाल्या. माझं पारडं तिथेच झुकलं.

त्या काकू गटातल्या. 2020च्या लॉकडाऊनमध्ये औषधं आणि भाजी पोचवायला आसपासच्या इमारतींतली मंडळी जमली. लॉकडाऊन गेलं, गट राहिला. त्यांची पद्धत फारच साधी आहे. सकाळी फिरायला निघालेला माणूस जिना उतरताना दाराच्या कडीला टांगलेल्या कापडी पिशवीकडे नजर टाकतो. आठ वाजून गेले तरी दूध पिशवीतच असेल तर बेल वाजवायची. दार उघडलं नाही तर शेजारी ठेवलेली दुसरी किल्ली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या काढून देतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत थेंब घालायला येतात.

गट वाढला तेव्हा कुरबुरीही झाल्या. सुरुवातीला सगळं फुकट होतं, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच कुणी काही मागेना. कुणाचे उपकार नकोत म्हणणारी ही पिढी. वार्षिक वर्गणी लावली, फोन घ्यायला अर्धवेळ पगारी बाई ठेवल्या, तेव्हा लोक हक्कानं सांगू लागले. अमेरिकेत बोस्टनला बीकन हिल व्हिलेज 2002पासून साधारण असंच चालतं : सभासदांची वर्गणी, मोजके पगारी, बाकी स्वयंसेवक. आमच्याकडे कुणी ते बघून केलं नव्हतं. फिरत फिरत तिथंच पोचले. दुसरा शहाणपणा म्हणजे, मोठ्या रस्त्यापलीकडच्या सोसायट्या ‘आम्हालाही घ्या’ म्हणाल्या तेव्हा त्यांना घेतलं नाही, त्यांचा वेगळा गट उभा करून दिला. रस्ता ओलांडून रोज दुधाची पिशवी कोण बघणार?

गटाचा जाच नाही असं नाही. आईची साखर वाढली की अर्ध्या कॉलनीला कळतं. मे महिन्यात निम्मे स्वयंसेवक गावाला, आणि उरलेले स्वतःच साठी उलटलेले. माणूस अंथरुणाला खिळला असेल तर हे गटाच्या आवाक्यातलं नाही. तिथे नर्सिंग ब्युरोची बाई किंवा कंपनीच बरी. तुमच्या भागात गट नसेल तरीही कंपनीच, निदान सध्या. 108 रुग्णवाहिकेसाठी आणि 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, हे दोन आकडे मात्र कुठलीही वाट धरलीत तरी फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.

आमची यंदाची वर्गणी भरून झाली. कंपनीचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे, बहुधा करणार नाही. आईचं म्हणणं, बटण तेवढं राहू दे. ते तिनं कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलंय.