ब्रिटनमधला व्यक्तिकेंद्री समुपदेशन डिप्लोमा: पैसे कुठे वसूल होतात, कुठे अडतं

व्यक्तिकेंद्री समुपदेशनाचा, म्हणजे सल्ला न देता क्लायंटचा अनुभव समजून घेण्याच्या पद्धतीचा, दोन वर्षांचा अर्धवेळ डिप्लोमा घ्यायचा असेल तर तिघांच्या गटातल्या सरावाला किती वेळ देतात ते आधी विचारा. एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. २० मिनिटांचं सत्र, अभिप्राय, मग भूमिकांची अदलाबदल. कोर्सचा खरा कस इथेच लागतो. सत्र रेकॉर्ड करून शब्दन्‌शब्द उतरवायला लावणारा कोर्स डोळे झाकून निवडावा. क्लायंटच्या "सासूबाईंशी बोलणंच नको वाटतं" यावर "मग स्पष्ट सांगून टाका ना" असा सल्ला तोंडून निसटला, की कागदावर तो लख्ख दिसतो. "बोलायच्या विचारानेच थकवा येतो" हे उत्तर तिच्या अनुभवाजवळ राहतं. क्लायंटचेच शब्द परत म्हणण्याची नुसती पोपटपंची मात्र समानुभूती नव्हे, आणि कमकुवत वर्गात नेमकी तीच शिकवतात.

या पद्धतीचे जनक, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली थेरपीतून बदल घडण्यासाठीच्या सहा अटी मांडल्या. बरेच वर्ग समानुभूती, विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा या तिघांवरच थांबतात. समानुभूती आणि स्वीकार क्लायंटपर्यंत थोडे तरी पोचले का, ही सहावी अट राहूनच जाते. फार वाईट वाटतं.

घोडं अडतं ते प्लेसमेंटपाशी, म्हणजे एखाद्या संस्थेत खऱ्या क्लायंटबरोबर करायच्या सरावापाशी. बीएसीपी या ब्रिटनमधल्या समुपदेशकांच्या व्यावसायिक संघटनेच्या निकषांत प्रत्यक्ष क्लायंटबरोबरचे, देखरेखीखालचे किमान १०० तास लागतात. वर्गमित्रांबरोबरचा सराव त्यात धरत नाहीत. जागा शोधायला लवकर लागा. सुपरव्हिजन (अनुभवी समुपदेशकाची देखरेख), स्वतःची थेरपी आणि विमा फीमध्ये आहेत का, हे प्रवेशाआधी लेखी घ्या.